लूमवर (यंत्रमागावर) काम करणाऱ्यांसाठी फोन बनवायलोय, पहिला प्रोटोटाईप (चाचणीचा नमुना) नेमका कशाचा करू?

लूमवाल्याचा_पोर:

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, इंजिनिअरिंगला, ई अँड टीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचं शेवटचं वर्ष. आम्ही चौघांनी मिळून फायनल इयरला एक मोबाईल बनवायचं ठरवलंय, स्मार्टफोन नाही, साधा बटणाचा, पण लूमवर काम करणाऱ्यांसाठी. आमचे पप्पा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या लूमवर आहेत. शेडमध्ये मशीनी चालू झाल्या की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, मग रिंग कुठून ऐकू येणार, आणि व्हायब्रेशनवर ठेवला तरी खिशात कळत नाही कारण खालची फरशीच थरथरत असते. आजीला दवाखान्यात हलवलं तेव्हा आई कॉल वर कॉल करत होती आणि पप्पांनी ते सगळे जेवणाच्या सुट्टीत बघितले.

तर आयडिया अशी की मनगटाला पट्टा, कॉल आला की पट्टा थरथरणार, घरचा कॉल असेल तर वेगळ्या पद्धतीनं, फोनला मोठी लाल लाईट, आजूबाजूचा आवाज गाळायला दोन माईक, रुई आत जाणार नाही अशी बॉडी आणि तीन दिवस टिकणारी बॅटरी.

आता भांडण असं आहे की गाईड सर म्हणतात ब्रेडबोर्डचे (सोल्डर न करता वायरी टोचून जोडायच्या पाटीचे) खेळ नकोत, एकदाच व्यवस्थित पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) डिझाईन करा, मागवा, सोल्डर करा, डेमो द्या. आमच्यातला एकजण म्हणतो आधी थ्रीडी प्रिंटरवर बॉडी काढू, दिसायला भारी पाहिजे, बाहेरून येणारे परीक्षक तेच बघतात. मला वाटतं की आधी हे चालतंय का ते तरी बघू, पण "हे" म्हणजे काय तेच मला नीट सांगता येईना. मोठ्या कंपन्या नवीन फोन बनवताना सुरुवात कुठून करतात? पैसे आमच्याकडं मोजकेच आहेत, पीसीबी चुकली तर परत मागवायला उरणार नाहीत.

नवीपेठ_रिपेअर:

मालक, मी फोन बनवत नाही, उघडतो. तेवढ्यावरनं सांगतो. लूमवाल्यांचे फोन दुकानात आले की बघायची गरज नसते, चार्जिंगच्या भोकात पिन घातली की पिनेला रुईचा बोळाच बाहेर येतो. माईकच्या जाळीवर घाम आणि रुई मिळून असा थर बसतो की समोरच्याला आवाज जातच नाही, गिऱ्हाईक म्हणतं माईक गेला, माईक ठणठणीत असतो. तुमचे ते दोन माईक म्हणजे बुजायला दोन भोकं. एवढं ध्यानात ठेवा.

दुसरं म्हणजे बॉडी प्रिंट करायला पैसे घालू नका आत्ता. मेलेल्या बटण फोनच्या बॉड्या माझ्याकडं पोतंभर आहेत, त्यातली घ्या, मदरबोर्ड काढून टाका आणि तुमचं काय ते आत बसवा.

फुकटचा_सल्ला:

एक साधा प्रश्न. कॉल आल्यावर थरथरणारा स्मार्टबँड हजार-दीड हजारात मिळतो की. मग तुम्ही चार इंजिनिअर मिळून वर्षभर काय बनवणार? कॉलेजमध्ये दरवर्षी असले प्रोजेक्ट होतात आणि मग कपाटात जातात. राग नको, विचारतोय.

जुना_हार्डवेअरवाला:

वरच्या भाऊनं टोमणा मारला पण त्यातच तुझं उत्तर आहे रे. मी नोएडाला एका हँडसेट कंपनीच्या टेस्टिंगला काही वर्षं होतो, आता पुण्यात आहे, घर आपलं सोलापूरच. जरा सविस्तर लिहितो.

तू जी यादी दिलीस त्यात पाच वेगवेगळे प्रश्न आहेत. पट्ट्याची थरथर लूमसमोर उभ्या माणसाला कळते का, हा एक. त्या आवाजात बोलणं समोरच्याला ऐकू जातं का, हा दुसरा. रुई, बॅटरी, आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स हे बाकीचे. तुमचे सर आणि तुमचा तो बॉडीवाला मित्र दोघं पाचही प्रश्न एकाच डब्यात घालायला निघालेत. मग डेमोला पट्टा नाही थरथरला तर कळणार कसं की मोटर कमी पडली का कोड चुकला का बॅटरी बसली? कंपनीत आम्ही मुद्दाम वेगळं करायचो. जो बोर्ड चालतो का बघायचा तो टेबलावर उघडा पडलेला, फोनच्या दुप्पट मोठा, चारी बाजूंनी वायरी लोंबणारा असायचा, आणि जी बॉडी हातात धरून बघायची ती आत रिकामी, फक्त वजन बरोबर यावं म्हणून लोखंडाचा तुकडा घातलेली.

आणि पहिला कशाचा करायचा? ज्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर सगळा प्रोजेक्टच बोंबलतो, त्याचा. तुझ्या बाबतीत तो थरथरीचा. बाकी कशाला हात लावू नकोस तोपर्यंत.

त्यासाठी फोन लागतच नाही. जेफ हॉकिन्स नावाच्या माणसानं पाम पायलट हा खिशातला छोटा कॉम्प्युटर बनवायच्या आधी त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा कापून घेतला होता आणि तो खिशात घालून हिंडायचा, मीटिंगमध्ये बाहेर काढून त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करायचा. कशाला? तर खिशात मावतं का, दिवसातनं किती वेळा खरंच काढावंसं वाटतं, हे बघायला. मशीन बाजारात आलं १९९६ ला. त्या ठोकळ्यात एक वायर नव्हती.

तू असं कर. कॉइन मोटर, म्हणजे फोनमधली नाण्यासारखी चपटी थरथरणारी मोटर घे, जुन्या फोनमधली पण चालेल, ती इलॅस्टिकच्या पट्टीत शिवून टाक, लांब वायर काढ, दुसऱ्या टोकाला सेल आणि एक पुशबटण. पप्पांच्या हाताला पट्टी बांध आणि त्यांच्या मालकाला विचारून तू शेडच्या कोपऱ्यात बटण घेऊन बस. कधी दाबणार ते सांगायचं नाही. कळलं की त्यांनी मान हलवायची, तू वहीत लिहायचं, कळलं का नाही आणि किती सेकंदांनी. झाला तुझा पहिला प्रोटोटाईप. स्मार्टबँड पण कुणाचा तरी मागून आण आणि दुसऱ्या हाताला बांध. तोच चालला तर तुझा पट्टा बाद, आणि ते पीसीबी मागवायच्या आधी कळलेलं बरं.

आणि हो, "आवडलं का" विचारू नकोस. पोरानं बनवलंय म्हटल्यावर बाप "झकास" म्हणणार.

लॅबवर फार विश्वास ठेवू नको हे पण सांगतो. सॅमसंगचा पहिला घडीचा फोन आठवतो का, २०१९ चा? मशीननं दोन लाख वेळा उघडबंद करून बघितलेला. एप्रिलमध्ये रिव्ह्यू करणाऱ्यांच्या हातात दिला आणि दोन-चार दिवसात स्क्रीन जायला लागल्या, काही जणांनी तर वरचा थर स्क्रीनगार्ड समजून सोलूनच काढला. तो थर स्क्रीनचाच भाग होता. यंत्राला नखं नसतात ना, ते कशाला सोलेल. लाँच पुढं ढकललं, थराच्या कडा फ्रेमच्या आत घेतल्या आणि सप्टेंबरला विकायला काढला.

लूमवाल्याचा_पोर:

दादा, मस्त लिहिलंत, थँक्यू. बटणाचं डोक्यातच आलं नव्हतं. @फुकटचा_सल्ला, स्मार्टबँडला स्मार्टफोन लागतो, पप्पांकडं बटणाचाच आहे आणि शेडमध्ये बहुतेकांकडं तोच, पण मागून आणून बघतो.

दोन अडचणी. एक, सरांना काहीतरी "इलेक्ट्रॉनिक्स" दिसलं पाहिजे, इलॅस्टिकची पट्टी दाखवली तर हाकलतील. दुसरी, आम्ही आधीच सिम८००एल मॉड्यूल (सिम टाकून कॉल करायचा छोटा बोर्ड) घेऊन बसलोय, ते कॉल लागला की मधेच बंद होऊन परत चालू होतं, आणि जिओचं सिम तर घेतच नाही. मॉड्यूल खराब लागलं का?

एम्बेडेड_अण्णा:

मॉड्यूल चांगलंय, दोन्ही गोष्टी नेहमीच्या आहेत. सिम८००एल हे फक्त २जी आहे आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही, ते पहिल्यापासून ४जी. एअरटेल नाहीतर व्हीआयचं सिम टाक. लाईट भराभर ब्लिंक होत असेल तर नेटवर्क शोधतंय, तीन सेकंदाला एकदा व्हायला लागली की लागलं समज.

रिसेट होतंय ते पॉवरमुळं. २जी मध्ये मॉड्यूल सलग बोलत नाही, झटक्या झटक्यानं पाठवतं, आणि त्या झटक्याला करंट २ अँपिअरपर्यंत जातो. तुम्ही नक्की आर्डुइनोच्या (कंट्रोलर बोर्डाच्या) ५ व्होल्टवरनं नाहीतर ब्रेडबोर्डच्या बारीक वायरीतनं दिलं असणार. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, ५ देऊ नका, मरेल. चांगला १८६५० लिथियम सेल थेट लावा, वायर जाड आणि आखूड, आणि मॉड्यूलच्या पायापाशीच झटका सांभाळायला एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्पीकर जवळ ठेवला की टर्र टर्र आवाज येतो ना कॉलच्या वेळी, तो ह्याच झटक्यांचा, सेकंदाला २१७.

आणि एक, पुढं ४जी मॉड्यूल घ्याल तेव्हा त्यात व्हीओएलटीईवर (४जी नेटवर्कवरनं कॉल) बोलता येतं का ते विचारून घ्या, काही नुसत्या डेटाची असतात. अँटेना, ट्रान्समीटर स्वतः करायच्या भानगडीत पडू नका, मोबाईलचे बँड लायसन्सचे आहेत. नेटवर्क गेल्यावर फोन काय करतो ते बघायला कुणीतरी जॅमरचा सल्ला देईलच, तो बेकायदा आहे, ॲल्युमिनियम फॉईलचे दोन-तीन वेढे द्या. स्टीलच्या डब्यात ठेवून बघितलं तर झाकणाच्या फटीतनं रेंज येते कधी कधी, मजाय.

जुना_हार्डवेअरवाला:

सरांचं म्हणणं पण अगदीच उडवून लावू नकोस. मार्क त्यांच्याकडं आहेत. त्यांना सांग की कंपन्यासुद्धा तीन टप्पे करतात आणि तू पहिल्याच्या आधी आहेस. ईव्हीटी म्हणजे इंजिनिअरिंगची चाचणी, बोर्ड चालतो का. मग डीव्हीटी, डिझाईनची चाचणी, इथं बॉडीसकट फोन जवळपास खरा असतो आणि आपटणं, तापवणं, पाणी, घाम सगळं इथं होतं. मग पीव्हीटी, उत्पादनाची चाचणी, म्हणजे खऱ्या फॅक्टरीत, खऱ्या लाईनवर, कारण हातानं जोडलेला चालला म्हणून लाईनवर जोडलेला चालेलच असं नाही. टप्प्यांमध्ये पीसीबी बहुतेक वेळा बदलते. पहिल्याच बोर्डवर फोन बाजारात गेलाय असं मी तरी बघितलं नाही.

आमच्याकडं प्रत्येक प्रोटोटाईपच्या पाठीवर चिकटपट्टी आणि नंबर असायचा. ड्रॉप टेस्टचे वेगळे, ते सहाही बाजूंवर आणि चारही कोपऱ्यांवर पाडायचे, गरम ओव्हनचे वेगळे, चार्जिंगच्या पिनेचे वेगळे. टाईप-सी ची पिन दहा हजार वेळा घालून काढून टिकली पाहिजे, ते करायला एक मशीन दिवसरात्र खटक खटक करत असायचं, जेवतानासुद्धा कानात तेच. पडलेला नमुना परत ओव्हनला घालायचा नाही, नाहीतर कशानं बिघडला ते कळत नाही. तुम्ही चौघं आहात तर हे एवढं तरी पाळा. कशावर काय केलं ते पाठीवर लिहा.

सर लईच अडून बसले तर मोटोरोलाच्या मार्टिन कूपरचं सांग. त्यानं हातात धरायच्या फोनवरनं पहिला कॉल केला ३ एप्रिल १९७३ ला, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून, आणि तो पण बेल लॅब्समधल्या प्रतिस्पर्ध्याला, जोएल एंजलला. ते धूड होतं किलोभराचं. विकायचा डायनाटॅक ८०००एक्स मंजूर झाला १९८३ मध्ये, किंमत ३,९९५ डॉलर. मधली दहा वर्षं फोन बारीक करण्यात, नेटवर्क उभं करण्यात आणि परवानग्यांत गेली.

लूम_मालक_अक्कलकोटरोड:

इकडं पोरांचं चाललंय म्हणून वाचलं. माझ्या शेडला थोड्याच लूम आहेत, टॉवेलच्या. स्पष्ट सांगतो, मनगटाला पट्टा मी बांधू देणार नाही. तुटलेला धागा जोडताना कामगाराचा हात लूमच्या फणीच्या इकडं-तिकडं जात असतो, पट्ट्याचं टोक लोंबलं, कुठं अडकलं, तर कोण जबाबदार? माझ्याकडं घड्याळसुद्धा काढून ठेवायला सांगतो. दंडाला बांधा, बाहीच्या आत. निम्म्या लोकांच्या दंडाला ताईत असतोच, कुणाला काही वाटणार नाही.

आणि कॉल आला म्हणून माणूस लूम सोडून पळाला तर इकडं सगळं बिघडतं. घरचाच अर्जंट आहे एवढं कळलं तर लूम बंद करून जाईल, माझी ना नाही. पण प्रत्येक लोनवाल्याच्या आणि कंपनीच्या कॉलला थरथरलं तर दुसऱ्या दिवशी तुमचा पट्टा खुंटीला.

फुकटचा_सल्ला:

मालकांचा मुद्दा खरा आहे. म्हणजे फोनपेक्षा कुणाचे कॉल येऊ द्यायचे हेच महत्त्वाचं निघालं. माझा टोमणा मागं घेत नाही पण बघायला आवडेल.

लूमवाल्याचा_पोर:

अपडेट देतो. पप्पांच्या मालकांनी परवानगी दिली, दुपारी बसलो कोपऱ्यात वही घेऊन. वायर लांब नको म्हणाले म्हणून मोटर, सेल आणि छोटा रिमोटचा रिसीव्हर सगळं दंडाच्या पट्टीत बसवलं आणि रिमोटचं बटण माझ्याकडं.

सलग थरथर बऱ्यापैकी कळते, पण पप्पा म्हणाले मशीनची आहे का पट्टीची ह्यात पहिले काही सेकंद जातात. मग आम्ही थांबून थांबून केलं, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद, तर ते जवळपास कळलंच नाही! आधी वाटलं मोटर गेली. नंतर मित्रानं लूमचा व्हिडिओ स्लो करून ठोके मोजले तर मशीनचा ठोका पण त्याच्याच आसपासचा, म्हणजे आमची थरथर लूमच्या तालातच मिसळून जायची. मग ताल मोडला, दोन बारीक, एक लांब, मग गॅप, परत तसंच, आणि पप्पांनी लगेच मान हलवली, शेजारच्या मामांना बांधली तर त्यांनीपण. स्मार्टबँड मनगटाला बांधायचा नव्हता म्हणून तो पण दंडावरच गुंडाळला, कधी कळला कधी नाही.

सरांना वही दाखवली. पट्टी बघून हसले पण वही ठेवून घेतली, म्हणाले हे रिपोर्टच्या दुसऱ्या चॅप्टरला घाला, पीसीबी पुढच्या महिन्यात. वरच्या लूम मालकांचं ऐकून मोबाईलमध्ये फक्त पाच नंबर ठेवायचे ठरवलंय, बाकीचे कॉल गुपचूप. आता पुढचा कशाचा करू, माईक का बॅटरी?

जुना_हार्डवेअरवाला:

तालाचं निरीक्षण झकास. हे लॅबमध्ये बसून जन्मात कळलं नसतं. कॉइन मोटर फिरते सेकंदाला दोनशे फेऱ्यांच्या आसपास, आणि आपल्या कातडीला सेकंदाला साधारण दोनशे-अडीचशे वेळाचीच थरथर सगळ्यात चांगली कळते, म्हणून मोटर तुला पुरली. बदलू नकोस.

पुढचा बॅटरीचा, कारण उन्हाळा तुझ्यासाठी थांबणार नाही आणि माईक थांबू शकतो. कॉल आल्यावर माणूस शेडच्या बाहेर जाऊन बोलणारच आहे, मग दोन माईक लागतातच कशाला ते आधी पप्पांना विचार. बॅटरीचं मात्र खरं आहे. साधा लिथियम सेल ४५ अंशाच्या वर चार्ज करायचा नसतो. आपल्याकडं मे मध्ये सावलीतच ४२-४३ पर्यंत जातं, वर पत्रा, खाली मशीनी, आणि लोक चार्जिंगला लावतात कुठं तर शेडच्या भिंतीवरच्या बोर्डाला. साधा थर्मामीटर घेऊन त्या बोर्डापाशी दुपारी दोन वाजता किती असतं ते लिही, तोपण प्रोटोटाईपचाच भाग धर. चार्जिंग सर्किटला दहा के चा थर्मिस्टर (तापमान ओळखणारा पार्ट) लाव, सेलला चिकटवून, तापला की चार्जिंग थांबलं पाहिजे. थांबतं का ते हेअर ड्रायरनं गरम करून बघ, पण तेव्हा सेलच्या जागी डमी ठेव, फक्त थर्मिस्टर तापव. प्रोटेक्शन नसलेला स्वस्तातला पाऊच सेल (पाकिटासारखा मऊ लिथियम सेल) माणसाच्या दंडावर बांधायचा नाही म्हणजे नाही, आत्ता बांधलेल्यात काय आहे?

लूमवाल्याचा_पोर:

आत्ता दोन पेन्सिल सेल आहेत दादा, रिमोटच्या खेळण्यातले. लिथियम अजून लावलाच नाही.

जुना_हार्डवेअरवाला:

तेच राहू दे मग पट्टीत. पेन्सिल सेल कुठल्याही टपरीवर मिळतो आणि लूमवाल्याला तोच बदलायला सोपा. लिथियम फोनमध्ये. आणि उद्या विकायचं डोक्यात आलं तर बीआयएसचं (सरकारी मानक संस्थेचं) रजिस्ट्रेशन, पट्ट्याला ब्लूटूथ लावलं तर त्यासाठी डब्ल्यूपीसीचं ईटीए (वायरलेसची सरकारी मंजुरी), फोनच्या रेडिएशनची १.६ वॅट प्रति किलोची मर्यादा, असं बरंच मागं लागतं, पण ते कॉलेज संपल्यावर.

नवीपेठ_रिपेअर:

फुगलेल्या बॅटऱ्या बघायच्या असतील तर मे मध्ये दुकानात ये, फोल्डर (स्क्रीन) वर उचललेले फोन रांगेनं असतात. पोरांनो, बॉडी कधी नेताय? चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण असलेल्या दोन काढून ठेवल्यात, एकाचं झाकण अजून घट्ट बसतं. ती शेडमध्ये नुसती रिकामी टांगून ठेवा आठ-दहा दिवस, आत पांढरा कागद चिकटवून, मग उघडून बघा रुई कुठनं शिरली ते. भोक कुठं बुजवायचं ते कागदच सांगेल.

लूम_मालक_अक्कलकोटरोड:

टांगायला माझ्या शेडमध्ये पण या. येताना गळ्यातली आयकार्डाची दोरी काढून या, आणि शर्ट इन करून.